खिंडीतला कॅमेरा आणि लोणी

“साबणानं जाईना, राखंनं जाईना. घासंल तसा आणिक चढालाय मुडदा! आता काय कातडं सोलून वाळत घालू?”

न्हाणीतून हा आवाज आला तेव्हा प्रणोती दाराच्या अलीकडंच भांडी विसळत बसली होती. बोलणं तिच्यासाठी नव्हतं. सासू एकटीच स्वतःच्या हाताशी भांडत होती. नारळाच्या काथ्याची खरखर, तांब्याभर पाणी, पुन्हा खरखर.

“आत्ती, काय झालं?”

खरखर थांबली.

“काय न्हाई. हळद सांडली हातावर.”

“हळद साबणानं जाते की.”

“मग गेली. तू भांडी घास.”

दाराच्या फटीतून मालनबाईंचा उजवा हात दिसला. तळवा आणि पाचही बोटं पिकल्या जांभळासारखी. प्रणोतीनं ते पाहिलं आणि पुढची ताटली गरजेपेक्षा जास्त आवाज करत विसळली. हा रंग कशाचा, हे तिला ओळखता येत होतं. खिंडीतल्या कॅमेऱ्याला तो लेप तिनंच रबरी हातमोजे घालून लावला होता.

पांगिरेवाडी आजऱ्याच्या डोंगरातली, काजूच्या बागांत लपलेली. वरच्या खिंडीतून हत्ती उतरतात, आणि ते उतरायच्या आधी गावाला कळावं म्हणून रानात कॅमेरे बांधलेले होते. ते सांभाळायचं काम प्रणोतीकडं होतं. कॅमेरा म्हणजे झाडाला पट्ट्यानं आवळलेला विटेएवढा खोका. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की तो जागा होतो, फोटो काढतो, आणि हे काय आहे ते आतल्या आत ठरवतो. गवा असेल तर नुसती नोंद. हत्ती असेल तर गावात भोंगा, घराघरांतल्या फोनवर घंटा आणि चावडीतल्या मोठ्या पडद्यावर फोटो. फोटोत माणूस आलाच तर त्याचा चेहरा कॅमेऱ्यानंच पुसून टाकायचा, असा कायदा होता.

खरी अडचण या कॅमेऱ्यांना जगवायची होती. रानात टांगलेली वस्तू रानाला खुपते. एक खोका हत्तीनं सोंडेनं उपटून पायाखाली घेतला, का ते त्यालाच ठाऊक. गव्यांनी पाठ खाजवून दोन वाकवले. मुंग्यांनी भोकातून आत शिरून संसार थाटला. मग माणसं. कुणी आतल्या बॅटरीवर गोठ्यात दिवा लावला, कुणी चोरून तोडलेल्या ऐनाच्या ओंडक्याबरोबर आपलाही फोटो निघाला म्हणून दगड घातला. कॅमेरे बसवणाऱ्या योजनेवाल्यांनी पोलादी पेटी केली, तर चोरानं पेटीसकट नेला. उंच बांधला तर वानरांना झोका मिळाला. मिरचीचा लेप लावला, तो पावसात धुऊन गेला आणि खालचा झरा चार दिवस तिखट झाला. शेवटी एका कॅमेऱ्यावर नजर ठेवायला समोरच्या झाडावर दुसरा कॅमेरा बांधला. दोन्ही गेले.

मग विद्यापीठातून इफ्फत मुल्ला आल्या. डॉक्टर होत्या, पण औषध देणाऱ्या नव्हेत. दगडफुलावर डॉक्टर झालेल्या. चावडीत त्यांनी एक राखाडी, खरबरीत तुकडा हातोहात फिरवला.

“हे ओळखलंत?”

“चटणीत घालतो की आमी!” शेजारच्या गंगूकाकू म्हणाल्या. “दगडफूल.”

“त्याचंच भावंड. दगडफूल म्हणजे एकटं झाड नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचा तो संसार असतो. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं.”

“आणि भांडणं?”

“मी पंधरा वर्षं बघतेय, अजून ऐकली नाहीत.”

बायका हसल्या. इफ्फत मॅडमनी पुढं सांगितलं ते असं. रानात दगडफूल नखाएवढं वाढायला वर्षं घेतं. प्रयोगशाळेतलं हे वाण महिनाभरात कॅमेऱ्याच्या खोक्यावर सालीसारखं चढतं. खोका झाडाचाच एक फुगवटा वाटतो. प्लॅस्टिकचा वास झाकला जातो, त्यामुळं हत्तीला त्यात काही नवं वाटत नाही. चव कडूजहर, म्हणून कुरतडणारे थुंकून निघून जातात. ओरखडा उठला तर आपला आपण भरून येतो.

“आणि माणूस?” सरपंच वैजयंताताईंनी विचारलं. “माणूस चाटून बघत न्हाई, सरळ उपटतो.”

“माणसाच्या तळहाताला घाम येतो,” मॅडम म्हणाल्या. “घामात युरिया असतो. या लेपात आम्ही असे जिवाणू पाळलेत की ते त्या युरियाचा चटकन अमोनिया करतात. दगडफुलातलं एक द्रव्य अमोनिया आणि हवा मिळाली की जांभळं होतं. जुन्या काळी याच रीतीनं लोकर रंगवायचे. तो रंग तळव्याच्या कातडीत बसतो. कातडी बदलेपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, जात नाही. साबण लावला तर आणखी गडद होतो.”

“हत्तीला न्हाई का चढत?”

“सोंडेला घाम येत नाही.”

“वानराला?”

मॅडमनी दगडफुलाचा तुकडा परत हातात घेतला. “वानराच्या तळव्याला येतो,” त्या म्हणाल्या, “हे आमच्या जरा उशिरा लक्षात आलं.”

त्यानंतर महिनाभर जांभळ्या हातांची दोन वानरं गावाच्या कौलांवरून हिंडली. पण लेपानं काम केलं. गाव एकमेकांच्या हातांकडं बघायला शिकलं. पैसे घेताना, प्रसाद घेताना, आरतीला टाळ्या वाजवताना नजर आधी तळव्यावर जायची. एक गृहस्थ भाच्याच्या लग्नात उजव्या हाताला पट्टी बांधून आले. जखम कसली ते कुणी विचारलं नाही, आणि पट्टी सुटली तेव्हा व्रणही नव्हता. रानातले कॅमेरे टिकू लागले.

एक सोडून. खिंडीतला. हत्ती जिथून उतरतात नेमका तिथला, झऱ्याजवळचा.

त्याचं असं झालं होतं. लेप येण्याच्या आधी, सुगी संपता संपता, एकदा भोंगा वाजला आणि चावडीच्या पडद्यावर फोटो आला. मागं, दूर कारवीत, हत्तीची पाठ. पुढं, झऱ्याच्या खडकावर, दोन माणसं बसलेली. चेहरे कायद्याप्रमाणं पुसलेले. मध्ये उघडा डबा. हिरव्या झाकणाचा, एका बाजूला चेपलेला. चावडीतल्या बायकांनी त्या डब्यातलं लोणचं आयुष्यभर खाल्लं होतं. तो मालनबाईंचा डबा होता. शेजारी बसलेल्याच्या खांद्यावर घोंगडी होती, आणि अशी घोंगडी घेऊन खिंडीत येणारा एकच: वरच्या धनगरवाड्यावरचा, म्हशी राखणारा, बायको वारलेला नवलू झोरे.

“हत्ती मोठा हाय,” कुणीतरी म्हणालं.

“लई मोठा,” सगळ्यांनी होकार दिला.

एवढंच. पुढं त्या फोटोविषयी पांगिरेवाडीत कुणी अक्षर काढलं नाही. नवलूचं नावही मालनबाईंच्या देखत कुणी घेईना. म्हशीचं लोणी आलं की “वरचं लोणी आलं” म्हणायचे. मालनबाईंचा नवरा गेला तेव्हा मुलगा धैर्यशील पाचवीत होता. त्यानंतर काजू सोलून, फॅक्टरीत उभं राहून तिनं त्याला वाढवलं, त्याचं लग्न केलं. गावाच्या वेशीवर फलक होता: ‘आमच्या गावात विधवा प्रथा बंद आहेत.’ ठराव होऊन वीस वर्षं झाली होती. दर दिवाळीला फलकाला नवा रंग द्यायचे.

फोटोनंतर खिंडीतला कॅमेरा आंधळा होऊ लागला. काचेवर काहीतरी ओशट फासलेलं असायचं, आणि मागोमाग खोका फुटलेला, पट्टा तुटलेला, झाडावर नखांचे ओरखडे. अस्वल. प्रणोतीनं पहिल्याच वेळी काचेचा तुकडा हुंगला आणि तिला कळलं. कुणीतरी काचेला लोणी लावत होतं, आणि लोण्याच्या वासानं अस्वल येऊन बाकीचं आटपत होतं. लेप आला तरी फरक पडला नाही, कारण लेप कडू असला तरी वरचं लोणी गोडच होतं. गावानं “अस्वल माजलंय” असं ठरवून टाकलं. प्रणोतीनंही अहवालात अस्वलच लिहिलं. लोणी कुणाचं, हे लिहायला अहवालात रकाना नव्हता, आणि असता तरी तिनं तो रिकामाच सोडला असता.

आता सासूचा हात जांभळा होता. मालनबाई नुसत्या काचेला बोट लावायला गेल्या असणार. उतारावर पाय घसरला असणार, आणि पडू नये म्हणून हाताला आला तो खोका धरला असणार.

सकाळी प्रणोतीला जाग आली ती चुलीपाशी आमसुलाचा वास आला म्हणून. मालनबाईंनी हात आमसुलाच्या पाण्यात बुडवून ठेवला होता. तांब्याची घागर आमसुलानं लख्ख होते, मग हात का होऊ नये, असा त्यांचा हिशेब. आणि लेपाचा रंग असा, की आंबट लागलं की तो जांभळ्याचा लाल होतो. मालनबाईंनी हात बाहेर काढला तेव्हा तो नव्या नवरीच्या मेंदीसारखा रंगलेला होता.

दोघी त्या हाताकडं बघत राहिल्या. जांभळ्या हाताची बाई फार तर चोर ठरली असती. लाल हाताची विधवा काय ठरते, हे त्या फलकावर लिहिलेलं नव्हतं.

“पदराखाली घेते,” मालनबाई म्हणाल्या.

“काजू पदराखाली सोलणार?”

“तू लई शाणी हाईस.” पण आवाजात धार नव्हती.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. पहाटेच दुधाचा टेंपो घेऊन गेलेल्या धैर्यशीलला चौघांनी धरून आणलं होतं. खिंडीखालच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध हत्ती उभा होता. भोंगा वाजला नव्हता, फोन वाजला नव्हता. धैर्यशील टेंपो सोडून काजूत पळाला आणि उजव्या हातावर पडला. पंगतीत जागा करून घ्यावी तसा हत्तीनं टेंपो बाजूला सरकवला, आणि तो चरात उलटला. दुधाचा ओढा झाला. धैर्यशीलचं मनगट मोडलं.

“जरा उशीर झाला असता तर...” आणणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला आणि थांबला.

मालनबाईंनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला. लाल हात. सगळ्यांनी पाहिला. गंगूकाकूंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “रंग काय चढलाय गं...” आणि पुढचं त्यांनी खोकल्यात मिसळून टाकलं.

धैर्यशीलच्या उजव्या हाताला प्लास्टर झालं. प्रणोती दिवसभर रानात, त्यामुळं दुपारचं जेवण भरवायचं काम आईकडं. डाव्या हातानं जेवायला तो तयार नव्हता. ते त्याला अपशकुनी वाटायचं. मग रोज दुपारी मालनबाई भाकरी मोडायच्या, आमटीत भिजवायच्या आणि लाल बोटांनी घास त्याच्या तोंडाशी न्यायच्या.

“आ कर.”

तो आ करायचा आणि आढ्याकडं बघायचा.

“मीठ हाय का बरोबर?”

“हाय.”

“तिखट?”

“तिखट बी हाय.”

एकदा प्रणोती लवकर परतली आणि उंबऱ्यातच थांबली. सव्वीस वर्षांचा दाढीवाला गडी, त्याला घास भरवणारी आई, आणि दोघांमध्ये तो हात. धैर्यशीलनं तो कितीदा बघितला असेल कुणास ठाऊक. नाव धैर्यशील, पण बोलायची वेळ आली की भात मागायचा.

त्याच आठवड्यात नवलू झोरे त्याला बघायला आला. घोंगडी दाराबाहेर ठेवली, सोप्यात खांबाला टेकून बसला. पळसाच्या पानात बांधलेलं लोणी त्यानं प्रणोतीच्या हातात दिलं. मालनबाई आत होत्या आणि आतच राहिल्या. फक्त भांड्यांचा आवाज बंद झाला.

“दुखतंय का, पोरा?”

“हाय थोडं.”

“हत्ती कसला? सुळेवाला?”

“बघायला थांबलो न्हाई.”

“बरं केलंस.”

नवलूनं डोक्याचं मुंडासं सोडून परत बांधलं.

“म्हशी काय म्हणत्यात?” धैर्यशीलनं विचारलं.

“बऱ्या हाईत म्हणत्यात.”

“मग चांगलं हाय.”

“व्हय.” नवलू उठला. स्वयंपाकघराच्या दाराकडं त्यानं एकदा बघितलं, मग धैर्यशीलच्या प्लास्टरकडं. “माझ्यामुळं...” असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं. “माझ्यामुळं तुझी झोप मोडली असंल. पड तू,” म्हणाला आणि घोंगडी उचलून निघाला.

इफ्फत मॅडम खिंडीत आल्या त्या दिवशी प्रणोती त्यांच्याबरोबर होती. खोका अस्वलानं फोडला होता, पण लेपाचा मोठा तुकडा शाबूत होता. त्यावर हाताचा ठसा उमटलेला, तळव्याच्या रेषांसकट.

“कुणाचा?” मॅडमनी विचारलं.

“अस्वलाचा,” प्रणोती म्हणाली.

मॅडमनी ठशावरून हळूच अंगठा फिरवला, हातमोज्यातूनच. “नखं कापलेली दिसतात अस्वलानं. आणि बराच काजू सोलला असावा. बोटांची टोकं गुळगुळीत झालीत.”

प्रणोती झऱ्याकडं बघत राहिली.

“मी पोलीस नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण नवा कॅमेरा मी एकदाच देऊ शकते. हत्ती याच वाटेनं उतरतात. हा आंधळा असेल तर खालचे सगळे असून नसल्यासारखे. हाही गेला तर योजना दुसऱ्या गावाला जाईल. तिथंही माणसं आहेत, आणि ती रोज फोन करतात. गावानं ठरवून मला सांगा.”

उतरताना प्रणोतीला वाटेत सासू भेटली, डोक्यावर शिकेकाईचं गाठोडं. दोघी बरोबर चालू लागल्या.

“मॅडमनी ठसा बघितला.”

“मग?”

“मी अस्वल म्हणाले.”

मालनबाईंनी वाटेतला दगड पायानं कडेला सारला. “त्या बिचाऱ्याचं नाव उगंच खराब केलंस.” मग थांबल्या. गाठोडं सावरलं. “मला काय ठावं, काच झाकली तर भोंगा बी झाकतोय? मला वाटलं नुसता फोटो येणार न्हाई. प्रणोती, माझ्या हातानं माझं लेकरू...”

“आत्ती, ते घरी आहेत. आज सकाळी दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी.”

“आता न्हाई लावायची मी. लोणी न्हाई आन् काय न्हाई.”

“मग फोटो येतील.”

“येतील.”

“मग?”

“मग काय! न्हाई जायाचं तिकडं.” हे त्यांनी गाठोड्याला सांगितल्यासारखं सांगितलं. त्यानंतर त्या खरोखरच वर गेल्या नाहीत. पाण्याला गेल्या, काजूला गेल्या, देवळात गेल्या. जेवताना अर्धी भाकरी ताटात राहू लागली. प्रणोतीला रोज वाटायचं, आज विचारावं. पण विचारायचं काय? आत्ती, तुम्ही त्यांच्याशिवाय राहू शकता का? सुनेनं सासूला विचारायचा हा प्रश्न कुठल्या शब्दांत विचारतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ग्रामसभा झाली तोवर मालनबाईंच्या तळव्याची कातडी निघून गेली होती. हात स्वच्छ होते, काजूच्या तेलानं काळवंडलेले, नेहमीसारखे. चावडीत शिरताना बायकांनी आधी त्या हातांकडं बघितलं, आणि मग सगळ्यांचे खांदे सैल झाले. जणू झालंच नव्हतं काही.

विषय होता: अस्वलापासून कॅमेऱ्याचं रक्षण.

चर्चा रंगली. कुणी म्हणालं, काटेरी कुंपण. कुणी म्हणालं, मधमाश्यांच्या पेट्या टांगा. त्यावर दुसरा म्हणाला, अस्वलाला लोणी कमी पडतंय म्हणून आता मध देता? हशा पिकला आणि मध्येच मावळला, कारण लोण्याचा शब्द निघाला होता.

“अस्वलाला ही चटक लागली कशी, तेच कळंना,” मागून कुणीतरी भोळेपणानं म्हणालं. शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं.

वैजयंताताईंनी घसा साफ केला. “मी एक सुचवते. झऱ्याची वाट माणसांना बंद करायची. दोन्ही अंगांनी कुंपण. माणूस जाणार न्हाई, खाण्यापिण्याचं काय सांडणार न्हाई, अस्वल येणार न्हाई. धनगरवाड्याला खालून रस्ता हायच. अस्वलाचा बंदोबस्त हुईपर्यंत म्हणा.”

सगळ्यांना हे एकदम पटलं. कुणाचं नाव घ्यावं लागत नव्हतं. चावडीत सुटकेचा नि:श्वास ऐकू आला. दाराशी, बाहेरच्या पायरीवर, धनगरवाड्यावरची दोन-तीन माणसं बसली होती. त्यांच्यात नवलू होता. तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

“प्रणोती, कॅमेरे तू सांभाळतीस. तुझं काय म्हणणं?”

प्रणोती उभी राहिली. पुढच्या रांगेत धैर्यशील, गळ्यात झोळी, मान खाली. कॅमेरा टिकला तर हा पहाटे निर्धास्त जाईल आणि परत येईल. तिला एवढंच तर हवं होतं.

“वाट बंद केली तर कॅमेरा टिकेल,” ती म्हणाली. ते खरं होतं. बसायला गुडघे वाकले, आणि ती पुन्हा सरळ झाली. “पण वाट ज्यांची आहे त्यांना कुणी विचारलं का?”

“कुणाची म्हंजे? गावाची हाय,” वैजयंताताई घाईनं म्हणाल्या. “चला, हात वर करा. मंजूर?”

हात वर जाऊ लागले. एकेक, सावकाश, शेजाऱ्याकडं बघून. धैर्यशीलचा डावा हात मांडीवरून थोडा उचलला गेला आणि तिथंच राहिला.

“थांबा,” मालनबाई म्हणाल्या.

त्या बायकांच्या घोळक्यातून उठल्या. पदर नीट केला.

“आई, बस खाली,” धैर्यशील पुटपुटला.

“बसलेच की रं इतकी वर्सं.” त्या त्याच्याकडं बघून हसल्या, लहान मुलाला हसावं तसं. मग सभेकडं वळल्या. “अस्वलाला बोल लावू नगासा. लोणी मी लावत हुते. का, ते सगळ्यास्नी ठावं हाय, आन् तुमी कुणी बोलला न्हाईसा, ते बी मला ठावं हाय. त्यात माझं पोर मरता मरता वाचलं. आता परत लावणार न्हाई. कॅमेरा तिथंच राहू दे, आन् वाट बी राहू दे. काय फोटो यायचं ते येऊ देत.”

दाराशी काडी मोडल्याचा आवाज झाला. मालनबाईंनी तिकडं बघितलं नाही. त्या मुलाकडंच बघत होत्या.

“धैर्या, मला नवलूच्या घरी नांदायला जायाचं हाय.”